नळी कुणाला हवी होती

बाई मुख्याध्यापिका होत्या तेव्हा त्यांच्यापुढे खोटं बोलायची शाळेत कुणाची छाती नव्हती. मग खुब्याचं ऑपरेशन झालं, लघवीची नळी लागली आणि बाईंचा सगळा कारभार लेकीच्या हाती गेला. दोन्ही मुलांपेक्षा त्यांचा लेकीवर काकणभर जास्तच विश्वास, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो त्या ऐकवतही असत.

काठी घेऊन बाई घरभर फिरायला लागल्या, तरी नळी काही सुटेना. हातात लघवीची पिशवी धरून वावरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्या खिडकीशीसुद्धा उभ्या राहत नसत. लेक म्हणायची, डॉक्टरांनीच ठेवायला सांगितलीय. डॉक्टरांचं नाव निघालं की बाई गप्प. पुढे लघवी गढूळ झाली, ओटीपोटात आग पडली, ताप आला. तपासणीत बुरशी निघाली. चौदा दिवस गोळ्या झाल्या आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आज बाई पुन्हा दवाखान्यात दाखवायला आल्या होत्या आणि लेक रिपोर्ट आणायला खाली गेली होती. डॉक्टर वयानं लहान, पण तोंडाचे फटकळ. म्हणाले, बुरशी त्या नळीलाच चिकटून बसते, नळी आत आहे तोवर नुसत्या गोळ्या गिळून काय होणार?

"मागेच काढणार होतो आपण. तुम्हीच नको म्हणालात."

"मी?"

"तुम्हाला पडायची भीती वाटते, नळी काढायचं नाव काढलं की रडता, असं तुमच्या मुलीनं सांगितलं. दोनदा."

तापानं वाटलं नव्हतं इतकं बाईंना आता असहाय वाटलं. दोन महिने ही पोरगी त्यांच्या नावावर रडत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

लेक आत आली. दोघांचे चेहरे बघून काय ते समजली. आधी थोडी सारवासारव केली, मग स्टुलावर बसली.

"आई, नळी काढली की दिवसातून दहादा तुला उठवायचं, धरून बाथरूमला न्यायचं... माझी कंबर गेलीय गं. मला नाही जमत."

"मग तसं सांगायचं होतंस. तुझ्यासाठी राहू दिली असती मी."

बाईंनी डॉक्टरांना नळी आत्ताच काढायला सांगितली. सिस्टर पडदा ओढायला आली, तेव्हा लेकीकडे बोट दाखवून, यांना बाहेर थांबायला सांगा, असं बाई तिला म्हणाल्या.