बोदवडचं फाटक धुळ्यात

बारा वर्षं कामिनी जळगावातल्या मेहरूणच्या मुलींच्या फुटबॉल क्लबातून बचावाला खेळली. माहेर बोदवडचं, म्हणून सगळ्या तिला ‘बोदवडचं फाटक’ म्हणायच्या. समोरची खेळाडू डावीकडून येवो, उजवीकडून येवो, फाटक एकदा पडलं की पडलं!

तेहतिसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. दुसऱ्याच दिवशी क्लबचे अध्यक्ष तोतारामआबा घरी आले. डाळमिलवाला माणूस, आडपडदा नाही. चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “आता तू मॅनेजर हो.”

“आबा, मॅनेजरने करायचं काय?”

“पोरींना घेऊन जायचं, जिंकून आणायचं. मधलं तुझं तू बघ.”

मधलं कामिनीने असं बघितलं, की मैदानात पोरी धावायच्या आणि रेषेबाहेरून ती धावायची. सामना संपला की सगळ्यांत जास्त घामाघूम तीच. डावी आघाडी सांभाळणारी नूतन तिला म्हणायची, “ताई, जरा खुर्चीवर बस ना गं!” खुर्ची असायची, पण तिच्यावर पाण्याच्या बाटल्या बसायच्या.

तरी पोरी जिंकत गेल्या. मार्चअखेर स्पर्धेचा अंतिम सामना ठरला, धुळ्यात, पांझरा क्लबाशी. आणि पांझराच्या आघाडीला होती दिपमाला. आठ वर्षं कामिनीने जिला एक श्वास मोकळा घेऊ दिला नव्हता, तीच.

ऐंशी मिनिटं झाली, गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात दिपमाला सुटली. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, पुढे आलेली गोलकीपर सोनल आडवी झाली, तिच्यावरून चेंडू उचलला. रिकाम्या गोलकडे चेंडू टप्पे घेत निघाला. कामिनी सवयीप्रमाणे रेषेबाहेरून पळत पळत पार गोलखांबापाशी पोचली होती. तिने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तिचा डावा पाय आपणहून आत गेला आणि फाट्कन चेंडू मैदानाबाहेर!

दिपमाला कंबरेवर हात ठेवून ओरडली, “फाटकताई! तू रिटायर झालीस ना गं?”

रेफरी धापा टाकत आले. “बाई, तुम्ही कोण?”

“मॅनेजर.”

त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. लाल कार्ड निघालं. पांझराला पेनल्टी आणि कामिनी मैदानाच्या भिंतीबाहेर.

गल्लीत उभी राहून ती भिंतीला कान लावू लागली. आत शिट्टी वाजली. धप्प असा आवाज आला. मग नुसताच कल्ला. आनंदाचा की दुःखाचा, कळेना. समोरच्या घराचा जिना उघडा दिसला, तशी ती सरळ गच्चीवर गेली. तिथे एक म्हातारी साडी पसरून पापड वाळत घालत होती. नाव बेबाबाई.

“कोन शे वं तू? पापडवर पाय दिशी!”

“मावशी, पेनल्टी काय झाली?”

“माले काय माहीत! एक पोरनी चेंडू पकडी लिधा, नि बठ्ठ्या पोरी तिनाच आंगवर पडन्यात. जित्ती शे का नही, देव जाने.”

सोनल! कामिनीने म्हातारीला मिठीच मारली. म्हातारीच्या हातांवरचं उडदाचं पीठ दोघींना लागलं.

कठड्याला टेकून तिने खाली पाहिलं आणि पाहतच राहिली. बारा वर्षं तिने समोरचीचे पाय तेवढे बघितले होते. आता अख्खं मैदान खाली पसरलेलं: कुठे गर्दी, कुठे मोकळं, कोण दमलेली, सगळं स्वच्छ. बेबाबाई शेजारी येऊन उभी राहिली, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

“ती पिवया कपडावाली पोर तठे एकलीच उभी शे. तिले कोनी चेंडू काबर देत नही?”

कामिनीने पाहिलं. डाव्या कडेला मेहरूणच्या पिवळ्या जर्सीतली नूतन, आणि तिच्या आसपास चिटपाखरू नाही! खालून हे कुणालाच दिसत नव्हतं.

“मावशी, मला ओरडायची बंदी आहे.”

“माले नही ना,” म्हातारी म्हणाली. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक घालून कमावलेला गळा तिने मोकळा केला. “ए पिवयी पोरीस्वन! डावा बाजूले देखा! डावा!”

रेफरींनी वर पाहिलं. पण धुळ्याच्या बाईने आपल्या गच्चीवरून ओरडू नये, असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. मधल्या पोरीने मान वळवली, चेंडू डावीकडे लांबवला, नूतन चार पावलं धावली आणि जाळी हलली.

थोड्याच वेळात सामना संपल्याची शिट्टी वाजली, तशा गच्चीवर दोघी हात धरून गरगरा फिरल्या. फिरता फिरता बेबाबाईने विचारलं, “कोन जितनं?”

“जळगाव!”

“नि आपलं धुयं?”

“हरलं, मावशी.”

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला, मग पदर तोंडात धरून हसत सुटली. “मन्हा मालकले सांगू नको, माय!”

परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा फोन वाजला. संयोजकांनी कामिनीला पुढचे तीन सामने मैदानबंदी घातली होती. पोरींचे चेहरे उतरले.

“ताई, आता?” सोनलने विचारलं.

“आता काय? मैदानाशेजारच्या तीन गच्च्या शोधा!”

ड्रायव्हरने गाडीतलं गाणं मोठं केलं. कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला, दुसरा नुसताच हळू झाला. चहाचे ग्लास बाकड्यावर निवत राहिले, आणि रस्त्याच्या कडेला मेहरूणच्या पोरी नाचत होत्या, मधोमध त्यांची मॅनेजर, केसांना अजून उडदाचं पीठ.