आठ वेढे कमी

"करंटची ही तिसरी लाट उंच का?" परीक्षकांनी पेन्सिल संगणकाच्या पडद्यावर टेकवली. "तिन्ही सारख्या हव्यात, बाई."

वाइंडरबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात सव्वीस वर्षं गेली, हाताला घट्टे पडले, आणि पन्नाशीत डिप्लोमाचं खूळ डोक्यात शिरलं. याच तोंडी परीक्षेत त्या दोनदा आपटल्या होत्या. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

काम तसं सरळ होतं. बॅटरीची वीज तीन फेजमध्ये पालटून मोटारीला देणारा इन्व्हर्टर संगणकावर चालवून दाखवायचा. मोटारीच्या गुंडाळ्यांचे आकडे अख्ख्या वर्गाने पुस्तकातून उचलले. बाईंनी मात्र कारखान्यातल्या पंपाच्या मोटारीला मीटर लावून तिन्ही गुंडाळ्या मोजल्या. लेकीने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "आई, तिसरा आकडा पहिल्या दोन्हींसारखा टाक आणि मोकळी हो!" पण बाई कसल्या ऐकतात! मोटार त्यांच्या हातची होती. तिच्याबद्दल खोटं लिहायला मन धजेना.

"आकडा चुकलाय का?" परीक्षकांनी विचारलं.

"आकडा बरोबर आहे, सर. चुकलेय मी. तिसऱ्या गुंडाळीत वेढे कमी पडलेत. वेढे कमी म्हणजे अडथळा कमी, म्हणून तिथे करंट जास्त. हिशेब मांडला, तर आठ वेढे कमी निघाले."

"अर्जावर तर सव्वीस वर्षांचा अनुभव लिहिलाय!"

"हो ना. पण त्या दिवशी वेढे मोजता मोजता फोन आला, नात झाली म्हणून. मग पुढे कितीपासून मोजायला लागले, देव जाणे."

परीक्षक इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"आणि ती मोटार?"

"दीड वर्ष झालं, पाणी चढवतेय बिचारी. जरा गुणगुणते, एवढंच."

"अख्ख्या वर्गात खरी मोटार ही एकच दिसतेय," म्हणत त्यांनी कागदावर सही ठोकली.

बाहेर लेक पोरीला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती.

"विचारलंच ना त्यांनी? तरी मी सांगत होते!"

"विचारलं."

"मग?"

बाईंनी नातीला ओढून घेतलं आणि तिचा गालगुच्चा घेतला.

"सगळं हिच्यावर ढकललं," त्या म्हणाल्या, "आणि पास झाले."