काटोचं कापड

जुळ्यांची आई म्हणून लुवेरोकडच्या त्या गावात सगळे तिला नालोंगोच म्हणत. वास्वा थोरला, काटो त्याच्या पाठोपाठचा. दोघांच्या डोक्याला मागे एकसारखा उंचवटा होता. न्हाऊ घालताना तिचा तळवा तिथं हमखास अडायचा.

वास्वा बंडखोरांबरोबर रानात गेला. त्याला धरायला सरकारी शिपाई आले, त्यांना सापडला काटो. "मी तो नव्हे!" असं तो ओरडत राहिला, पण त्याचं तोंडच त्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं. त्याला ओढत नेलं ते नेलंच. जुळं मूल मेलं असं तिकडे म्हणत नाहीत, उडालं म्हणतात. नालोंगोही तसंच म्हणाली आणि रात्रीच्या अंधारात रानातल्या पोरांना उकडलेले कसाव्याचे कंद पोचवत राहिली. त्यांच्यातच कुठंतरी वास्वा होता.

पाच वर्षांनी त्या पोरांनी राजधानी घेतली. पळून गेलेले लोक घरी परतले, तर कॉफीच्या मळ्यांत जिकडेतिकडे हाडं. नव्या सरकारच्या सैनिकांनी कवट्या गोळा करून रस्त्याकडेला फळ्यांवर मांडल्या. नालोंगो एकेकीवरून हात फिरवत गेली. तिसऱ्या दिवशी तळवा अडला. वरचा एक दातही अर्धा होता, फणसावरून पडला होता तेव्हाचा.

म्हातारा लुबोवा झाडाची साल बडवून कफनाचं तपकिरी कापड करायचा. तिच्या हातात घडी देत तो म्हणाला, "सरकारं बदलली गं, माझी लाकडी हातोडी तीच. बघ, किती मऊ झालंय."

कापड घेऊन ती फळ्यांपाशी गेली. पहारेकऱ्यानं अडवलं, "साहेबांना विचारा." तेवढ्यात जीप थांबली. साहेब म्हणजे वास्वाच.

"आई! उन्हात कशाला आलीस? मीच येणार होतो."

"पाच वर्षं येणारच होतास. हा बघ, काटो."

त्यानं एकदा पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. "परवा परदेशातली माणसं येतायत. आम्ही कशासाठी लढलो ते त्यांना दिसायला हवं."

"दिसू दे की. एवढी डोकी पडलीयत. एकानं काय बिघडतं?"

"एक दिलं की सगळ्या आया येतील."

"मग आयांनी नाही तर कुणी यायचं?"

"आई, तो आता तुझा एकटीचा नाही. देशाचा आहे."

"देशानं त्याचा शेंबूड पुसला होता का रे?"

पहारेकरी फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. वास्वानं आवाज खाली आणला. "माझ्या माणसांदेखत असं बोलू नकोस."

"तुझं मरण त्यानं घेतलं, वास्वा. तू त्याला हातभर जमीन देईनास."

"पुढच्या वर्षी बघू."

तिनं हात वर केला. जुन्या सवयीनं तो वाकला. तिनं डोक्याच्या मागे चाचपलं. कडक टोपीखाली काहीच हाताला लागलं नाही.

मेलेला माणूस हाती लागला नाही, तर तिकडे त्याच्या जागी केळीचं खोड पुरतात. दुसऱ्या दिवशी तिनं केळीच्या बागेत दोन खोडं तोडली आणि कापड मधोमध फाडलं.

"दोन कशाला?" लुबोवानं विचारलं.

"तू खण," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि कुदळ उचलली.

रविवारी वास्वा आला, मांस आणि साखरेची पिशवी घेऊन. तिनं पानात वाफवलेली केळी कुस्करून वाढली. शेंगदाण्याचा रस्साही केला होता, त्याला आवडायचा तसा घट्ट. हात धुता धुता त्याचं लक्ष बागेतल्या मातीच्या दोन ताज्या ढिगांकडे गेलं.

"एक काटोचा, कळलं. दुसरा कुणाचा गं?"

"एकाचं डोकं तुझ्या फळीवर आहे," नालोंगो म्हणाली. "दुसऱ्याचं टोपीखाली सापडलं नाही."

तो उठायला लागला, तशी तिनं पान त्याच्यापुढे सरकवलं.

"जेवा, पाहुणे. गार होतंय."