स्कामदोचा कोरडा संडास

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायची गरज नाही. मी एक जुना संडास आहे हे खरं, पण मी कोरडा आहे, लडाखी आहे आणि घाण मारणाऱ्यांतला नाही. स्कामदो गावात अगदी वरच्या अंगाला जे घर आहे, त्याच्या माडीवर माझं बस्तान आहे.

मला मेमेंनी बांधलं. मेमे म्हणजे आजोबा, पण तेव्हा ते ऐन उमेदीतले होते. भिंती उन्हात वाळवलेल्या विटांच्या, तुळया पॉपलरच्या. वरच्या खोलीच्या जमिनीला मधोमध एक भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग, त्यात रोवलेलं फावडं. खाली अंधारी खोली. माणसं यायची, मोकळी व्हायची, फावडंभर माती लोटून निघून जायची. पाण्याचा थेंब लागायचा नाही. वसंतात मेमे खालचं दार उघडायचे, तेव्हा आत नुसती भुसभुशीत काळी माती असायची. ती पडली की शेतातला जव असा तरारायचा की शेजारी बांधावरून विचारायचे, "तुमच्या घरात खातात तरी काय हो?"

"या की एकदा जेवायला," मेमे म्हणायचे. "जेवलात की जाताना तुमचाही हातभार लागेल."

पुढे हिमबिबट्या बघायला पाहुणे यायला लागले. मेमेंची सून याङडोल हिने त्यांच्यासाठी दोन खोल्या सजवल्या. तिचा नवरा रिगझिन लेहला टॅक्सी चालवायचा. घराला कुलूप लावून सगळ्यांनीच खाली जावं, असा त्याचा धोशा होता.

"एक हिवाळा दे मला," याङडोल म्हणाली. "पाहुणे टिकले तर इथेच राहायचं. नाही टिकले तर कुलूप मी माझ्या हातानं लावते."

पहिले पाहुणे माझ्याकडे आले, भोकात डोकावले आणि तोंड वाकडं करून परतले. याङडोलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लेहहून चिनी मातीचं पांढरंशुभ्र भांडं आणवलं. वर टाकी, नळ, सगळा थाट. माझ्याकडे बोट दाखवून ती रिगझिनला म्हणाली, "बर्फ वितळलं की हे पाडून टाक."

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. तीन पिढ्यांची पोटं सांभाळली आणि शेवटी घरालाच माझी लाज वाटावी! मेमे तेवढे रोज माझ्याकडेच येत राहिले.

फेब्रुवारीत नवांग नावाचा वाटाड्या मोठा गट घेऊन आला. दुर्बिणी लावून मंडळी दिवसचे दिवस कड्यावर बसली, पण दगड आणि डोमकावळे यांपलीकडे काही दिसलं नाही. त्यातच थंडीचा कडाका वाढला. सकाळी पाहतात तो नळ गोठलेले आणि पांढरं भांडं वरपासून खालपर्यंत तडकलेलं. बंगळूरच्या रेवतीबाई पोट धरून अंगणात उभ्या होत्या.

"जुले, याङडोल-ले," नवांग अदबीने नमस्कार करत म्हणाला. "दुपारपर्यंत सोय झाली नाही तर मी ह्यांना खालच्या गावात नेतो. राग मानू नका."

"कुलूप कुठं ठेवलंयस?" रिगझिनने बायकोला विचारलं.

याङडोलच्या डोळ्यांत पाणी आलं. मेमेंनी जपमाळ खिशात टाकली. "पोरी, आधी वरचा जिना झाड," ते म्हणाले. "कुलूप कुठं पळून जात नाही."

तिने जिना झाडला, ताजी कोरडी माती आणून टाकली, दाराला लोकरीची जाड चादर लावली. रेवतीबाई कडू औषध घ्यायला निघाल्यासारख्या वर चढल्या. आत ना बर्फ, ना वास. त्या टेकल्या. समोरच्या भिंतीत हवेसाठी एक झरोका आहे, तो दरीपलीकडच्या कड्याकडे उघडतो; घरातून तो कडा तेवढ्याच झरोक्यातून दिसतो. बराच वेळ झाला तरी बाई बाहेर येईनात.

"बऱ्या आहात ना?" नवांगने खालून विचारलं.

"हळू बोला," आतून आवाज आला. "समोरच्या कड्यावर तो बसलाय."

"कोण?"

"ज्याच्यासाठी आलोय तो."

"मग बाहेर या लवकर, बाकीच्यांना बघू द्या."

"अहो, लगेच कशी उठू?"

त्यानंतर माझ्या दारात जेवढी रांग लागली, तेवढी गोन्पाच्या, म्हणजे आमच्या मठाच्या, उत्सवालाही लागत नाही! बिबट्याने रानमेंढा मारला होता. तो संपेपर्यंत पठ्ठ्या कड्यावरून हलला नाही आणि पाहुणे माझ्यापासून हलले नाहीत. खालच्या गावाचं नाव कोणी काढलं नाही. पुढचे गट तर लेहमध्येच विचारू लागले, "ते संडासवालं घर कुठलं?" त्यांना आणायला रिगझिनने आपली टॅक्सी स्कामदोच्या रस्त्यावर लावली.

बर्फ वितळल्यावर तो कुदळ घेऊन माझ्यापाशी आला. याङडोल पायरीवर बसली होती.

"कुदळ कशाला?"

"तूच म्हणालीस, पाडून टाक."

"मी?" ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मी म्हणाले असेन, खालचं दार उघड. पेरणी तोंडावर आलीय."

मेमे गालातल्या गालात हसले. मी हसू शकत नाही, नाहीतर मीही हसलो असतो.

मित्रांनो, जुनं ते सोनं म्हणतात. माझ्या पोटात सोनं नसतं, हे तुम्हीही जाणता आणि मीही. पण जे असतं ते नीट सांभाळलंत तर त्याचाच जव होतो आणि तोच तुमच्या ताटात येतो. तेव्हा मला झाडा, लिंपा, पडझड झाली तर सावरा. फक्त माझी लाज बाळगू नका.