मंजुळा, लेव्हल एक

पुलाच्या मधोमध राक्षसानं हातोडा उचलला आणि मिनलला बटण दाबायला जरासा उशीर झाला. तिचा शिपाई कठड्यावरून उडाला आणि चिलखतासकट दरीत गेला. पडदा काळा झाला.

"मेला?" मागून दिवाणावरून आवाज आला.

मिनल दचकली. सासूबाई जेवण झाल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपतात, अशीच तिची समजूत होती.

"हो. पण उठेल परत. त्या शेकोटीपाशी."

"किती बारी?"

"पूल पार होईपर्यंत."

"बरं हाय त्याचं," सगुणाबाई म्हणाल्या आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

निगडीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सगुणाबाईंना येऊन अडीच महिने झाले होते. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठी त्यांचं गाव. गोठ्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून महिना होत आला, तरी मूठ वळत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं रबराचा चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. पहिल्याच आठवड्यात चेंडू दिवाणाखाली गेला आणि तिथंच राहिला. म्हैस शेजारच्या चिमाजीकडे बांधली होती. मूठ वळली नाही तर धार काढता येणार नाही, आणि धार काढता येणार नसेल तर आईनं गावात एकटं राहण्यात अर्थ नाही, असं रविराज हल्ली जेवताना सहज बोलल्यासारखं बोलायचा. सगुणाबाई त्यावर भाकरीचा तुकडा मोडत, डाव्या हातानं.

रविराजची नोकरी पिंपरीतल्या बँकेत, त्याला सुट्टी रविवारी. मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती, गिअरचे दात मापात आहेत का ते गेज लावून बघायचं काम. तिची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी घरात दोघीच. सासूसुनेचं भांडण नव्हतं. गोळ्या घेतल्या का, भात अजून वाढू का, खिडकी लावू का, एवढं बोलणं होई आणि संपे. मग मिनल टीव्ही लावून गेमचा कन्सोल सुरू करी.

खेळायचं वेड तिला कॉलेजपासून होतं. नुसत्या गोळीबाराच्या गेममध्ये तिला रस नव्हता. तिला लागायचे तलवारी, जादू, जुने किल्ले असलेले, आणि ज्यात माणसांशी बोलता येतं असे गेम. खेळून झालं की एका ऑनलाइन ग्रुपवर ती मराठीत आपलं मत लिही. लिहितानाही हातात गेज असल्यासारखंच लिही. 'तलवारीला वजन आहे, पण वार चुकला तर हात थांबत नाही, हे खोटं वाटतं.' 'नकाशा तालुक्याएवढा, माणसं मोजून सतरा, आणि सतराही जण एकच वाक्य बोलतात.' दोनशेभर लोक तिचं लिहिणं वाचत. त्यातल्या एकालाही ती कधी भेटली नव्हती.

पुढच्या गुरुवारी सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याच नाहीत. उशी पाठीशी घेऊन बसल्या.

"ह्यो गाव हाय न्हवं?"

"हो."

"मग कुत्रं कसं भुकत न्हाई? परका माणूस शिरला, हातात तलवार, आन कुत्रं गप?"

मिनलनं गेम थांबवला. खरंच, चाळीस घरांचं गाव होतं, आणि कुत्रं एकही नव्हतं.

"आन चूल कुटं पेटलेली दिसंना. धूर न्हाई. ही माणसं खात्यात काय?"

त्या संध्याकाळी मिनलनं ग्रुपवर हे जसंच्या तसं लिहिलं, 'आमच्या सासूबाई म्हणतात' अशी सुरुवात करून. तिच्या इतर कुठल्याही लिहिण्याला आली नव्हती इतकी उत्तरं आली. पुढच्या वेळी घोड्याबद्दल विचारा, असं एकानं लिहिलं. विचारावं लागलं नाही. "सकाळधरनं पळवतीस त्याला," सगुणाबाई स्वतःच म्हणाल्या, "एकदा तरी पाणी दावलंस का?"

मिनलनं घोडा नदीवर नेला. घोड्यानं मान खाली घातली नाही, गेममध्ये तशी सोयच नव्हती. तरी दोघी थोडा वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

चौथ्या गुरुवारी मिनलनं दुसरा कंट्रोलर चार्ज करून दिवाणावर आणून ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही खेळा आज."

"येडी का काय. मला त्यो टीवीचा रिमोट कळत न्हाई."

"चेंडू तुम्ही दाबत नाही. हे तरी दाबा."

सगुणाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. चेंडूचा विषय या घरात कुणी काढत नसे. मग त्यांनी डाव्या हातानं कंट्रोलर उचलला, उजव्या हाताची बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली, भांड्याला कान बसवावा तशी. तर्जनी बटणापर्यंत पोचेना. मिनल शेजारी येऊन बसली, पण तिनं हात लावला नाही.

"आधी माणूस बनवायचा," ती म्हणाली. "बाई की गडी?"

"बाई."

पडद्यावर एक बाई उभी राहिली. मिनलनं चेहरे दाखवायला सुरुवात केली. सगुणाबाई एखाद्याच गोष्टीला मान हलवत. गोरी नको. एवढी बारीक कंबर नको, ओझं काय उचलंल. केस बांधलेले असू देत. दागिन्यांचा रकाना आला तेव्हा, "काय नको, मोकळी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. वय विचारलं तेव्हा थोडा विचार केला.

"चौदा-पंधरा."

"इतकं लहान चालत नाही यात. अठराच्या पुढं."

"मग अठरा कर."

शेवटी नावाची चौकट आली. मिनलनं स्वतःहूनच एस, ए अशी अक्षरं टाकायला घेतली.

"काय लिवतीस?"

"तुमचं नाव."

"ते नको."

"मग?"

सगुणाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज कोपऱ्यावर वळून बारीक झाला.

"मंजुळा," त्या म्हणाल्या.

मिनलनं टाकलेली अक्षरं पुसली आणि नवी टाकली. एकेक अक्षर उमटताना सगुणाबाई ओठ हलवत होत्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"मंजुळाच लिवलंस न्हवं?"

"मंजुळाच. कोण मंजुळा?"

"मीच की."

मिनलनं वळून पाहिलं.

"माहेरचं," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांची नजर टीव्हीवरच होती. "लग्नात तांदळाचं ताट आणलं. यांनी अंगठीनं त्यात काय तरी लिवलं. मला कुटं वाचता येत व्हतं? भटजींनी मोठ्यानं वाचलं तवा मला कळलं, मी सगुणा. दुसऱ्या दिशी सकाळी सासूनं हाक मारली, तर मी पाणी शेंदत बसले, वळूनसुदिक बघितलं न्हाई. लई बोलणी खाल्ली त्या दिशी."

"मग मंजुळा कुणीच म्हणत नव्हतं?"

"थोरला भाऊ म्हणायचा. बाजारात गाठ पडली की लांबनं वरडायचा. त्यो तुमच्या लग्नाच्या आदल्या साली गेला. तवाधरनं न्हाई कुणी."

मिनलचा अंगठा कंट्रोलरच्या कडेवरून उगाच फिरत राहिला. तिच्या लग्नातही तांदळाचं ताट आलं होतं. चुलत सासऱ्यांनी 'वर्षाराणी' असं नाव काढलं होतं, रविराजला जुळणारं. मिनल म्हणाली होती, माझं नाव आहे तेच राहू दे. खोलीत चाळीसेक माणसं होती. ताट सगुणाबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते पाटावर ठेवलं आणि काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेल्या. अकरा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं, आणि गोळ्या, भात, खिडकी याच्या पुढं दोघींचं बोलणं का जात नाही, याचं कारण मिनल मनाशी तेच धरून चालली होती.

"आई, मी नाव बदलणार नाही म्हटलं तेव्हा तुम्ही आत गेलात."

"व्हय."

"रागावला होता ना?"

"समद्यांना तसंच वाटलं." सगुणाबाईंनी उजव्या हाताची बोटं कंट्रोलरवर पुन्हा नीट बसवली. "वाटू दिलं मी. पोरगी नुसती न्हाई म्हणती आन आभाळ कोसळत न्हाई, हे बघितलं, आन तिथं माझा पाय ठरंना. आत कणगीला टेकून किती येळ हुबी व्हते, मलाच ठाव न्हाई. मग जाऊ आली, म्हणली जेवणाची पंगत बसायचीय."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात." त्यांनी पडद्याकडे हनुवटी केली. "आता ही चालत कशी? का नुसतीच हुबी ऱ्हाती?"

मिनलनं डाव्या अंगठ्याखालची दांडी दाखवली. पडद्यावर गवताळ माळ पसरला होता, लांब डोंगर होते, आणि पाठमोरी उभी असलेली एक दणकट बाई, कोपऱ्यात तिचं नाव, त्याच्याखाली लेव्हल एक. सगुणाबाईंनी अंगठा पुढं रेटला. बाई चालायला लागली. आधी झाडावर जाऊन आपटली, मग स्वतःभोवती फिरली, मग ओढ्यात उतरली.

"थांबतीय का न्हाई ही!"

"अंगठा उचला."

बाई थांबली. सगुणाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की खोकला आला.

तासाभरानं त्यांना पहिला लांडगा भेटला. वार करायचं बटण उजव्या तर्जनीखाली होतं. तर्जनी थरथरली, अर्ध्यात अडकली. लांडग्यानं दोनदा चावा घेतला आणि मंजुळा पडली. मिनल म्हणाली, ते बटण मी बदलून डाव्या हाताला देते, सोपं जाईल.

"हाय तितंच ऱ्हाऊ दे," सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी मंजुळा पडली. तिसऱ्या वेळी पडली. सातव्या वेळी सगुणाबाईंनी दात आवळले, डोळे बारीक केले आणि दुखऱ्या बोटाला बटणावर असं दाबलं, की त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. लांडगा केकाटून मागं सरला. मेला नाही, पळून गेला.

"गेला तर गेला," त्या म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. "मारायचाच हाय असं कुटं हाय."

मिनलनं त्यांना पाणी दिलं. गेल्या महिन्यात याच गेमबद्दल तिनं लिहिलं होतं, 'सुरुवातीचे लांडगे फारच सोपे, कुणालाही जमतील.' ते तिला आठवलं आणि तिनं फोन हातात घेतला. मग काही न लिहिता बाजूला ठेवला.

साडेसहाला दारात किल्ली वाजली. रविराज बूट काढताकाढताच बोलायला लागला.

"आई, चिमाजीकाकांचा फोन होता. म्हशीला गिऱ्हाईक आलंय, चांगल्या घरचं आहे म्हणत होते. उद्यापर्यंत कळवायला सांगितलंय. मी म्हटलं, देऊन टाकू. हाताचं असं..." तो बोलायचा थांबला. आई दिवाणावर मांडी घालून, पुढं झुकून बसली होती आणि तिच्या हातात कंट्रोलर होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. मिनलनं खांदे उडवले.

"चिमाजीला फोन लाव," सगुणाबाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं फोन लावून दिला. सगुणाबाईंनी तो डाव्या हातानं कानाला धरला. उजव्या हाताची बोटं होती तिथंच राहिली, कंट्रोलरभोवती, पुरती वळलेली नव्हती, पण धरून होती.

"चिमाजी, म्हैस इकायची न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. व्हय, हात हाय अजून तसाच. यील, यील. दिवाळीपत्तुर मी तिकडं येतीय. तवर तुझ्या सूनंला सांग, धार काढताना हिसका मारू नगं म्हणावं, बुजती ती."

फोन परत देऊन त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुन्हा दांडीवर ठेवला. रविराज फोन हातात धरून उभा होता. मग त्याची नजर टीव्हीच्या कोपऱ्यावर गेली.

"ही मंजुळा कोण?"

मिनलनं सासूबाईंकडे पाहिलं.

"हाय एक," सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेरची."

"माहेरची? मामाच्या घरातली का? मी ओळखतो?"

"न्हाई. तू न्हाई वळखत तिला."

पडद्यावर मंजुळा माळ ओलांडून चढणीला लागली होती. रविराजनं बँकेची बॅग खाली ठेवली. मिनल दिवाणावर सरकली आणि तिनं दोघींच्या मधे त्याला जागा करून दिली.

"बस हितं," सगुणाबाई म्हणाल्या. "लई चालायचंय तिला अजून."