तळमजल्यावरची इंजिनिअर

जुन्या ऑफिसात तिला सगळे मातीबाई म्हणत. त्यात चेष्टा होती, पण वचकही होता. धरण असो की पूल, खालची माती किती भार सोसेल यावर शेवटची सही तिची. मोठमोठे कंत्राटदार तिच्या केबिनबाहेर गुपचूप बसून राहत, कारण या बाईला बोलण्यात गुंडाळता येत नाही हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. अशी एकोणीस वर्षं गेली.

मग नवऱ्याला परदेशी नोकरी लागली आणि लेकीसह तिघं बिऱ्हाड उचलून इकडे आली. आठ महिन्यांत नवऱ्याची कंपनीच गुंडाळली गेली. तो एका औषधांच्या गोदामात खोकी तपासायला लागला. आता तिच्या शिक्षणावर घर उभं राहील असं दोघांनी धरलं होतं.

इथे इंजिनिअर म्हणून सही करायची तर परवाना हवा. परवान्यासाठी इथल्या परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली एक वर्ष इंजिनिअरचंच काम केलेलं हवं. आणि परवाना नसलेल्या माणसाला ते काम कुणी देत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. तिने शंभराच्या वर अर्ज केले. उत्तरं गोड असत. ‘आपला अनुभव फार मोठा आहे, शुभेच्छा.’

लेकीने एकदा तिचा बायोडाटा वाचला आणि म्हणाली, “आई, एकोणीस वर्षं लिहू नकोस. पाचच लिही. जास्त दिसली की घाबरतात.”

“मग उरलेल्या चौदा वर्षांत काय करत होते म्हणून सांगू?”

“मला वाढवत होते म्हण.”

तिने पाच लिहिली. तेव्हा कुठे माती तपासणाऱ्या एका कंपनीत मदतनीस म्हणून काम मिळालं. तळमजल्यावर मोठी खोली होती, भिंतीला टेकून चार ओव्हन, मधोमध चाळण्या हलवणारं यंत्र. ते चालू असलं की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. जमिनीत भोकं पाडून काढलेली माती लोखंडी नळ्यांमधून यायची. ती ढकलून बाहेर काढायची, वजन करायचं, भाजायची, पुन्हा वजन, मग चाळायची आणि आकडे फॉर्मवर भरायचे. आकड्यांचा अर्थ लावायचा तो वरच्या मजल्यावर. खाली फक्त आकडे.

यात तीन वर्षं गेली. वाईट कुणी वागलं नाही, हीच त्यातली पंचाईत होती. भांडायचं तर कुणाशी?

नळ्या घेऊन येणारा बोअरवाला साठीला आलेला. तोही तीस वर्षांपूर्वी असाच कुठूनसा आलेला होता. “मी शाळेत भूगोल शिकवायचो,” त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. “आता त्याच भूगोलाला भोकं पाडतो.” हे तो दर नव्या माणसाला सांगे आणि दर वेळी स्वतःच हसे.

एका मंगळवारी त्याने एका नव्या शाळेच्या जागेवरच्या नळ्या आणल्या. तिने पहिली नळी उघडली, चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली आणि हात तसाच थांबला. साबणासारखी गुळगुळीत. काचेवर वळली तर बारीक दोऱ्याएवढी वळी झाली तरी तुटेना. ही जात ती डोळे मिटून ओळखायची. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरची भिंत हळूहळू चिरत नेते. असल्या मातीशी झुंजण्यात तिची उमर गेली होती.

तिने फॉर्म पाहिला. फुगण्याची चाचणी कुणी मागितलेलीच नव्हती.

“याच्यावर शाळा उभी राहणार?” तिने विचारलं.

“एकमजली. पाया उथळच घेणार म्हणतात,” बोअरवाला म्हणाला. “का हो?”

“काही नाही.”

पण काही नाही कसं? फॉर्म भरून टाकावा आणि घरी जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आपल्याला कोण विचारतंय? तरी दुसऱ्या दिवशी ती एका बाटलीत थोडं रॉकेल घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत तिने तीच माती वाळवून, कुटून, बारीक चाळून दोन मोजपात्रांत दहा-दहा मापं भरली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक समोर दिसतो. ही चाचणी तिच्याकडे कॉलेजची पोरंही करत. दिवसभराने रॉकेलमधली माती दहावरच होती. पाण्यातली एकोणीसवर गेली होती.

तिने तो आकडा कागदावर लिहिला आणि वर गेली. शाळेचं काम एका तरुण इंजिनिअरकडे होतं. कॉलेजातून बाहेर पडून चार वर्षं झालेली, टेबलावर कागदांचा ढीग, चेहऱ्यावर झोप.

“हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही. पण उथळ पाया घेतला तर चार-पाच वर्षांत वर्गांच्या भिंती तडकतील. तुम्ही तुमच्या पद्धतीने पुन्हा करून बघा.”

“बघतो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून तो काही बघेल असं तिला वाटलं नाही.

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी बोलावलं. समोर लेखी समज ठेवलेली: परवानगीशिवाय ज्वालाग्राही पदार्थ प्रयोगशाळेत आणला, नेमून न दिलेलं काम केलं.

“मला तुमच्याबद्दल आदर आहे,” मॅनेजरबाई म्हणाल्या, “पण उद्या आग लागली असती तर?”

रॉकेलचं त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ओव्हन चार पावलांवर. तिने निमूट सही केली. इकडे आल्यावर आपल्या कामाबद्दलच्या कागदावर केलेली ही पहिलीच सही, हे तिच्या जिन्यात लक्षात आलं आणि ती कठड्याला धरून जराशी थांबली.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. “सोडून दे ती नोकरी,” तो म्हणाला.

“आणि काय करू?”

त्याने भाजी चिरायला घेतली.

तीन आठवड्यांनी तरुण इंजिनिअर स्वतः खाली आला. चाळणीचं यंत्र चालू होतं, म्हणून तो आधी नुसताच उभा राहिला. तिने यंत्र बंद केलं.

“मी दुसऱ्या लॅबकडून करून घेतलं,” तो म्हणाला. “तुमचं बरोबर होतं. पाया खोल नेतोय, आराखडा बदलला.” मग खाली मान घालून पुढे बोलला, “रिपोर्टमध्ये मी तुमचं नाव घातलं होतं. वरून काढलं. परवाना नसलेल्याचं नाव चालत नाही म्हणाले.”

“हो, नाही चालत,” ती म्हणाली. तिला रागही आला नाही. राग यायलाही माणूस ताजातवाना लागतो.

“मी काही करू शकतो का?”

असं इथे तिला कुणी विचारलं नव्हतं. लोक शुभेच्छा देत. तिने हात पुसले आणि सरळ सांगितलं, “मला वर्षभर इंजिनिअरचं काम द्या आणि ते तुमच्या हाताखाली केलं असं लिहून द्या. खालचं काम सांभाळून करीन.”

त्याने जिन्याकडे पाहिलं. “बाईंना विचारावं लागेल.”

मॅनेजरबाईंनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा बघू म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने शाळेची फाईल नेऊन त्यांच्या पुढ्यात उघडली आणि, हे त्याने तिला नंतर सांगितलं, “भिंती तडकल्या असत्या तर सही माझी होती,” एवढंच म्हणाला. आठवड्यातून दोन दिवस वर, तीन दिवस खाली, पगार तोच, अशी परवानगी मिळाली. दोन दिवसांनी वर्ष भरेना. परवाना मंडळाने दिवस मोजून अडीच वर्षं धरली. त्यात दोन परीक्षा. इथल्या कायद्याच्या परीक्षेत ती एकदा नापासही झाली. लेकीच्या आणि तिच्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन टोकांना दोघी बसत आणि नवरा दोघींना चहा देत फिरे.

“घरात दोन विद्यार्थिनी आणि एक शिपाई,” तो म्हणायचा.

पत्र आलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. परवाना मंजूर, दर्जा कनिष्ठ इंजिनिअर, आणखी दोन वर्षं वरिष्ठाच्या देखरेखीखाली. वरिष्ठ म्हणजे तोच तरुण. एकोणीस वर्षांपैकी मंडळाने तीन धरली होती. उरलेल्या सोळांचं काय, याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

बोअरवाल्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला. “माझ्याच्याने झालं नाही ते,” तो म्हणाला. “मी शिक्षकाच्या परवान्याचा अर्ज दुसऱ्या वर्षीच फाडून टाकला.” त्या दिवशी त्याने भूगोलाचा विनोद केला नाही.

वरच्या मजल्यावर तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. पहिल्या दिवशी तिने एका गोदामाच्या पायाचा रिपोर्ट लिहिला. तरुणाने वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि ओशाळून म्हणाला, “काहीतरी बदलायला हवं ना.” दोघंही हसले. मग त्याने सही केली, आणि त्याखाली, लहान अक्षरांत ‘कनिष्ठ इंजिनिअर’ छापलेल्या जागी, तिने.

संध्याकाळी घरी आल्यावर ती सोफ्यावर बसली ती उठेचना. नवऱ्याने मिठाईचा पुडा आणून समोर ठेवला. लेक जवळ येऊन बसली.

“आई, तू खूश नाहीस?”

“आहे गं.”

“मग दिसत का नाहीस?”

“फार दमलेय बाळा. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा नीट खूश होईन.”

लेक हसली. तिने पुडा उघडून एक तुकडा आईच्या तोंडापुढे धरला. आईने तो खाल्ला, गोड आहे म्हणाली, आणि ताटं घेईपर्यंत तिथेच बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. नवऱ्याने तिला उठवलं नाही. तिचं ताट झाकून ठेवलं आणि लेकीला खुणेनेच टीव्ही बंद करायला सांगितला.