कोरी गल्ली

महापालिकेत मी नकाशे करते. मारहाणीत कोण कुठे दगावलं, याचे ठिपके संगणकावर टाकायचे. जिथे ठिपके दाट, तिथे दिवे आणि गस्त.

बाबांना आमच्याच अंधाऱ्या गल्लीत चोरट्यांनी मारहाण केली. नवव्या दिवशी ते रुग्णालयात वारले. आज मी त्यांचा ठिपका शोधला, तर तो रुग्णालयावर निघाला, शेकडो ठिपक्यांच्या ढिगात. आमची गल्ली कोरी होती. मृत्यूची नोंद जिथे, ठिपका तिथे, हा नियम काम लवकर उरकावं म्हणून मीच घातला होता.

मी साहेबांकडे धावले.

"वरातीमागून घोडं आणलंस, बाई," ते म्हणाले. "या वर्षीच्या जागांची यादी काल मंजूर झाली. आता पुढच्या वर्षी."

"आणि दिवे?"

"रुग्णालयासमोर. बारा."

घरी आईने विचारलं, "आपल्या गल्लीचं काय झालं गं?"

"यादीत नाव नाही." नियम कोणाचा, ते मी सांगितलं नाही.

"बरं." तिने दूध आणायला पिशवी उचलली.

"थांब, अंधार पडलाय. मी आणते."

"आज आणशील. उद्या?" म्हणत ती चपला घालून बाहेर पडली.